क्लॅरनेटवाल्याच्या कानाने ऐकलेला मोत्झार्टचा ‘मसाया’

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे ज्याला उठून जायचं असेल त्याने आताच जावं. दिवसा सरकारी कचेरीत टायपिस्ट आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरनेट, अशी मी २६ वर्षं काढली. नागपुरातले महाल, इतवारी, गोळीबार चौक, या भागात वरातीपुढे किती मैल चाललो असेन याचा हिशेब नाही. पाश्चात्त्य संगीत मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. बँडमास्तरांनी नोटेशन वाचायला शिकवलं, बाकी सगळं रस्त्यावर.

‘मसाया’ म्हणजे हॅन्डेल या संगीतकाराने बायबलमधल्या वचनांवर बांधलेली, गायक आणि वाद्यवृंदाची मोठी रचना; मोत्झार्टने ती पुढे नव्याने सजवली. तिच्याशी माझी गाठ पडली ती १९८६च्या डिसेंबरात. सदरमधल्या एका चर्चच्या पायपेटीचा भाता फाटला, आणि नाताळ आठ दिवसांवर. तिथल्या कॉयरमधले, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातले, एक काका आमच्या मास्तरांना ओळखायचे. ते सायकलवर आले आणि म्हणाले, “एक क्लॅरनेटवाला द्या जी, पोरांना सूर धरायला काहीतरी पाहिजे.” मास्तरांनी मला पाठवलं. काकांकडे सोल-फामध्ये, म्हणजे आपल्या सारेगमसारख्या अक्षरांत, हाताने उतरवलेले कागद होते. गाणं एकच, ‘मसाया’मधलं ‘हालेलूया’. डी मेजरमध्ये. माझं क्लॅरनेट बी फ्लॅटचं, ते लिहिल्यापेक्षा एक सूर खाली वाजतं, म्हणजे मला ई मेजरमध्ये वाजवायचं, चार शार्प, म्हणजे चार सूर अर्ध्याने चढवलेले. लग्नाच्या बँडमध्ये चार शार्प कोणी वाजवत नाही. आठ दिवस बोटं मोडून सराव केला आणि नाताळच्या रात्री वाजवलं. पायपेटीची जागा भरली की नाही कोण जाणे, पण कॉयर पडलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की हाच उद्योग व्हिएन्नात १७८९ मध्ये झाला होता. तिथला क्लॅरनेटवाला जरा बरा होता, इतकंच.

प्रकरण असं. हॅन्डेलने ‘मसाया’ लंडनमध्ये १७४१ साली २४ दिवसांत लिहिला. बायबलमधली वचनं निवडून शब्द जुळवले चार्ल्स जेनेन्स यांनी. पहिला प्रयोग डब्लिनला १३ एप्रिल १७४२ रोजी झाला. त्यात वाद्यं थोडी: तंतुवाद्यं, दोन ट्रम्पेट, नगारे आणि सगळ्यांना धरून ठेवायला कीबोर्ड. ओबो आणि ‘बसून’ (खालच्या आवाजाचं लाकडी फुंकवाद्य) नंतर आले. हॅन्डेल वारल्याला ३० वर्षं झाली, तोवर ऐकणाऱ्यांचे कान बदलले होते. व्हिएन्नातले बॅरन फान स्वीटन जुन्या संगीताचे वेडे. ते सरदारांच्या वाड्यांत असे कार्यक्रम करवायचे. त्यांनी मोत्झार्टला सांगितलं, हॅन्डेलला आजचे कपडे घाला. वाड्यात ऑर्गन नव्हता. म्हणजे पायपेटी तिथेही नव्हती! मग मोत्झार्टने ती पोकळी फुंकायच्या वाद्यांनी भरली: बासऱ्या, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रॉम्बोन. नकलनविसांनी हॅन्डेलचे गाण्याचे आणि तंतुवाद्यांचे सूर उतरवून मधल्या ओळी कोऱ्या ठेवल्या आणि मोत्झार्टने त्या भरल्या. शब्द जर्मन झाले. ६ मार्च १७८९ रोजी काउंट एस्टरहाझी यांच्या वाड्यात पहिला प्रयोग झाला. कॉयरमध्ये १२ माणसं होती. सोप्रानो गायला मोत्झार्टची मेहुणी, आलोइझिया लांगे. जिच्याशी त्याला आधी लग्न करायचं होतं तीच. हे वाचल्यापासून मला त्या रात्रीचं दृश्य डोळ्यांपुढून जात नाही, पण तो विषय वेगळा.

आता रेकॉर्डिंग्जकडे येतो. नातवाने फोनमध्ये गाण्यांचं ॲप टाकून दिलं, त्यावर ऐकायला लागलो. पण त्या ॲपमध्ये प्रत्येक तुकड्यानंतर अर्ध्या सेकंदाची खाच पडते. गद्यासारखं गाऊन झालं की त्याच श्वासात आरिया, म्हणजे एकट्या गायकाचं गाणं, सुरू व्हायला हवी आणि हे मध्येच उचकी देतं. शेवटी वैतागून दोन जुन्या सीडी मागवल्या. एकीची पेटी फुटून आली, तबकड्या शाबूत. माझं सगळं ऐकणं ड्रॉइंगरूममधल्या जुन्या प्लेअरवर, कूलर बंद करून. मे महिन्यात नागपूरला कूलर बंद करून संगीत ऐकणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “अजी, कोणाची मयत आहे का आज?”

ज्याला एकच घ्यायचं असेल त्याने कंडक्टर चार्ल्स मॅकेरस यांचं १९७४चं घ्यावं. आर्काइव्ह कंपनीचं, ऑस्ट्रियन रेडिओचा ऑर्केस्ट्रा आणि कॉयर, गायला एडिट मॅथिस, बिर्गिट फिनिला, पेटर श्रायर आणि थेओ आडाम. मॅकेरस मूळचे ओबोवादक, आणि हे ऐकताना कळतं. फुंकणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा हात वेगळा चालतो. एखादी ओळ संपताना मागचे बसून घाईत कापलेले नाहीत, शेवटचा सूर पूर्ण वाजू दिलाय.

यातला एक तुकडा मी किती वेळा ऐकला असेन! बायबलमधल्या यशयाच्या वचनावरची बासची, म्हणजे खालच्या पट्टीच्या पुरुषी आवाजाची आरिया, अंधारात चालणाऱ्या लोकांची. हॅन्डेलच्या मूळ रचनेत तंतुवाद्यं गाणाऱ्याच्या बरोबरीनेच सरकतात, जवळजवळ एकाच ओळीत. माणूस काळोखात भिंत चाचपडत चाललाय, आजूबाजूला काही नाही. मोत्झार्टने त्या ओळीभोवती बासरी, क्लॅरिनेट आणि बसून सोडले. अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली घसरणारे, एकमेकांत मिसळणारे. हॅन्डेलचा काळोख रिकामा होता, मोत्झार्टच्या काळोखात कोणीतरी बाजूने चालतंय. थेओ आडाम इथे मोठा आवाज काढत नाहीत. क्लॅरिनेटचा खालचा आवाज, ज्याला आम्ही ‘लाकडाचा आवाज’ म्हणायचो, तो त्यांच्या खाली नीट ऐकू येतो. आमच्या धंद्यात हा आवाज कधी वापरायलाच मिळाला नाही. रस्त्यावर ढोलापुढे तो ऐकू कोणाला जाणार? २६ वर्षं मी त्या वाद्याचा फक्त वरचा अर्धा भाग वाजवला. हे मला या आरियामुळे लक्षात आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

त्याच वर्षी, १७८९च्या सप्टेंबरात, मोत्झार्टने श्टाडलर या वादकासाठी क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची रचना लिहिली. म्हणजे तेव्हा त्याच्या डोक्यात हे वाद्य घुमत होतं. बॅरनने कपडे घालायला सांगितले आणि याने आपल्या आवडीचं अस्तर लावलं.

आता कुठे फसलंय तेही सांगतो. शेवटच्या भागात बासची ‘तुतारी वाजेल’ ही आरिया आहे. हॅन्डेलने ती ट्रम्पेटसाठी लिहिली. उंच, लखलखीत, शेवटच्या न्यायाची तुतारी. पण मोत्झार्टच्या काळापर्यंत इतकं उंच, इतकं सफाईने ट्रम्पेट वाजवणारे उरलेच नव्हते. ती विद्या गेली होती. त्याने ते काम हॉर्नकडे दिलं. गंमत म्हणजे जर्मन शब्द ट्रॉम्बोनचा, मूळ लेखन ट्रम्पेटचं आणि वाजतोय हॉर्न. मॅकेरस यांच्या रेकॉर्डिंगमध्ये हॉर्नवाला उत्तम आहे, त्याचा दोष नाही. पण हॉर्न म्हणजे टेकडीपलीकडून आलेली हाक. मेलेल्यांना उठवायचं तर ट्रम्पेटच पाहिजे.

तरी मोत्झार्टवर राग धरता येत नाही. एका रात्रीत तिसरी वरात असली की बडकस चौकात येईपर्यंत आमच्या ट्रम्पेटवाल्याचे ओठ जायचे. तो नुसता डोळ्यांनी खूण करायचा आणि वरचे सूर मी उचलायचो. नवरदेवाकडच्यांना फरक कळायचा नाही, आम्हाला कळायचा.

आणखी एक तक्रार. मूल जन्मल्याची बातमी सांगणारा जो प्रसिद्ध कोरस आहे, त्याची सुरुवात मोत्झार्टने एकट्या गायकांना दिली. सगळं कॉयर थांबतं आणि ‘अद्भुत’ या शब्दावर एकदम कोसळतं. नाटक म्हणून झकास. पण हॅन्डेलने ती बातमी एका आवाजाकडून दुसऱ्याकडे, गल्लीत पसरते तशी पसरवली होती. मला ती गल्ली जास्त आवडते.

हेल्मुट रिलिंग या कंडक्टरचं मोत्झार्टच्या आवृत्तीचं १९९१चं रेकॉर्डिंग थोडक्यात उरकतो. स्टुटगार्टचं कॉयर, शुद्ध, प्रत्येक अक्षर सुटं. जर्मन शिकणाऱ्यांनी जरूर ऐकावं. सगळं कसं कडक इस्त्रीचं. मला क्लॅरिनेट सापडायला कान टवकारावे लागले, आणि ज्यासाठी ही आवृत्ती घ्यायची तेच शोधावं लागत असेल तर काय उपयोग? ॲलिस्टेर माइल्स मात्र अंधाराची आरिया फार ताकदीने गातात.

मॅकेरस यांनीच १९८८ मध्ये मोत्झार्टची आवृत्ती परत केली, पण इंग्रजी शब्दांत. रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि हडर्सफील्डचं कॉयर. हे कॉयर १८३६ पासून चालत आलेलं, पोटापाण्याचा धंदा वेगळा करून गाणाऱ्या माणसांचं. सदरच्या काकांना मी हेच ऐकवलं, कारण शब्द त्यांना पाठ. आता ऐंशीच्या घरातले आहेत. डोळे मिटून बसले होते, मध्येच डोळे उघडून म्हणाले, “मास्तर, हे तर तुम्हीच वाजवून राहिले!” आता मी मास्तरही नव्हे आणि रॉयल फिलहार्मोनिकही नव्हे, पण मी काही बोललो नाही. कॉयर भरदार आहे, कधीकधी इतकं की मागची फुंकवाद्यं पोह्यातल्या तर्रीसारखी खाली बसतात. ढवळून घ्यावं लागतं. पण जर्मनची भीती वाटत असेल तर इथून सुरुवात करा.

चौथं रेकॉर्डिंग मोत्झार्टचं नाही. तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५९ मध्ये कंडक्टर सर थॉमस बीचम यांनी युजीन गूसन्स या संगीतकाराकडून ‘मसाया’ नव्याने सजवून घेतला. त्यात झांजा आहेत. हो, झांजा! ‘हालेलूया’मध्ये! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सोफ्यावरून उठलो. आमच्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर बीचमसाहेबांना त्याच सीझनला कामावर घेतलं असतं. वरात आहे वरात, घोडा आणि गॅसबत्त्यांसकट. जॉन विकर्स यांचा टेनर तर असा, की लाउडस्पीकर लागणार नाही. जाणकार लोक याला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही, पण सलग दोनदा ऐकवतही नाही. मोत्झार्टने पोकळी भरली, गूसन्सने भरलेल्या ताटावर परत वाढलं.

मूळ हॅन्डेल आधी ऐकावा की नंतर? आधीच. मॅकेरस यांनीच १९६६ मध्ये इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रासोबत मूळ ‘मसाया’ रेकॉर्ड केला, जॅनेट बेकर गायला. तो आणि १९७४चा शेजारी ठेवून ऐकले की एकाच माणसाने एकच घर दोनदा दाखवल्यासारखं होतं, एकदा रंग देण्याआधी, एकदा नंतर.

माझी स्वतःची सवय आता अशी झाली आहे. संध्याकाळी १९७४च्या रेकॉर्डिंगमधली एडिट मॅथिस यांची आरिया लावायची, ईयोबाच्या वचनाची, ‘माझा उद्धारक जिवंत आहे हे मला ठाऊक आहे’ असं सांगणारी, आणि सोबत वाजवायचं. हॅन्डेलने तिथे फक्त व्हायोलिन आणि खालच्या सुरांची बास वाद्यं ठेवली होती, मोत्झार्टने त्यात बासरी, क्लॅरिनेट आणि बसून आणले. रचना ई मेजरमध्ये, म्हणजे माझ्या बी फ्लॅट क्लॅरनेटवर सहा शार्प. १९८६च्या चार शार्पला मी रडत होतो! जुन्या वाद्यांवर केलेली हॅन्डेलची रेकॉर्डिंग्ज बहुधा अर्धा सूर खाली असतात, त्यांच्यासोबत वाजवायचं तर एका फ्लॅटवर भागतं. पण त्यात क्लॅरिनेटच नाही, मग मी कोणाच्या पाठीमागे लपायचं?

आणि नागपूरचा मे. ४५ अंशांत क्लॅरनेट चढतं, रीड सुकून कागद होते. व्हिएन्नाचा ऑर्केस्ट्रा काही माझ्यासाठी वर चढणार नाही. म्हणून वाद्य अर्धा तास आतल्या खोलीत कूलरपुढे ठेवायचं, मग कूलर बंद करायचा, सीडी लावायची आणि पहिली दहा मिनिटं सूर जुळतो. त्यानंतर पुन्हा कूलर.