हंगर गेम्स आधी वाचावं की डायव्हर्जंट?

दोन्हींत सोळा वर्षांची मुलगी स्वतःच गोष्ट सांगते, दोन्हींत जुनी अमेरिका मोडून पडलेली. तरी माझा जीव सुझान कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’वर (2008) जास्त आहे, कारण तिथला जुलूम पोटापासून सुरू होतो. तिथे दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून सोडतीने मुलं निवडून त्यांना मरेपर्यंत लढवतात, आणि धान्य-तेलाच्या बदल्यात नायिका कॅटनिस त्या सोडतीत स्वतःच्या नावाच्या जादा चिठ्ठ्या घालते. जितकं घर गरीब, तितकं मरण जवळ! आणि त्याच खेळात उतरवलेली रू... ती बारा वर्षांची पोर गेल्यावर तिचा अर्धपोटी अकरावा जिल्हा कॅटनिसला पाव पाठवतो. त्या पानाशी मी दर वेळी थांबते.

व्हेरॉनिका रॉथच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (2011) शिकागो पाच गटांत वाटलेलं आहे. सोळाव्या वर्षी आपला गट निवडायचा, वेळ पडली तर आईवडिलांना सोडून. दहावीनंतर कुठली शाखा घ्यावी या घोरात असलेल्या मुलांना हे थेट भिडेल. नायिका ट्रिसची धावत्या रेल्वेतून उडी तर अफाटच! पण अख्खं शहर ही वाटणी इतकी वर्षं कसं काय मानतं, ते मला पटत नाही. त्यामुळे भाचीच्या हातात मी ‘हंगर गेम्स’च आधी दिलं.