स्टॅटिक अ‍ॅसर्ट: वर्षभर वापरून झाल्यावर

स्टॅटिक अ‍ॅसर्ट म्हणजे सी भाषेतली एक ओळ: तिच्यातली अट खरी नसेल तर कोडचा प्रोग्रॅम तयारच (बिल्ड) होऊ देत नाही. पाचपैकी चार तारे. किंमत शून्य. जीसीसी हा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा) वापरत असाल तर ते तुमच्या मशीनवर आधीच आहे, आणायला कुठं जायचं नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका शेडमध्ये फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) लिहितो. फाउंड्रीच्या भट्टीचं तापमान नोंदवून ठेवणारा डबा आम्ही करतो. आत ८ एमबीची नॉर फ्लॅश (वीज गेली तरी माहिती जपणारी चिप) आणि तिच्यावर आमचीच घरगुती फाइल सिस्टीम. दर हीटला (भट्टीतल्या एका वितळणीला) एक रेकॉर्ड, रेकॉर्डला हेडर, हेडरात एक बाइट फ्लॅगचा, म्हणजे हो-नाहीच्या खुणांचा, एका बिटला एक खूण. सगळं रामायण त्या एका बाइटचं.

गेल्या पावसाळ्यात मच्छेच्या एका गिऱ्हाइकाकडनं सकाळी सकाळी फोन. फोरमन म्हणाला, "साहेब, रात्रपाळीच्या सात हीट गेल्या कुठं हो? आमच्या वहीत आहेत की, तुमच्या डब्यात नाहीत." आदल्या संध्याकाळीच मी तिथं नवं फर्मवेअर टाकून आलो होतो. पोटात गोळा आला. भर पावसात खानापूर रोडनं गाडी हाणली.

हीट सगळ्या होत्या, चिपवर जशाच्या तशा. पण डब्याच्या मते त्या डिलीट झालेल्या.

चूक माझीच. आमचे फ्लॅग दोन जागी लिहिलेले: एनममध्ये (नावांना ओळीनं नंबर देणारी यादी) बिटचा नंबर, खाली डिफाइनमध्ये (नावाला ठरावीक किंमत देणारी ओळ) त्याचा मास्क, म्हणजे फक्त तोच बिट १ असलेला आकडा. 'सील'चा बिट ४, मास्क हेक्स १० (सोळाच्या पायात, म्हणजे आपले १६). 'डिलीट'चा बिट ५, मास्क हेक्स २०. मी एनमच्या मधोमध 'सिंक झालं' हा नवा फ्लॅग घुसवला, तसे पुढचे नंबर एकेक घर सरकले. मास्क मात्र जागच्या जागी. लिहिणारा कोड नंबर वापरतो, त्यानं सील म्हणून बिट ५ लावला. यादी दाखवणारा कोड मास्क वापरतो, त्याला हेक्स २० दिसलं, म्हणजे 'डिलीट'. टेस्ट हिरव्यागार, कारण टेस्टमध्ये लिहिणं-वाचणं दोन्ही नंबरांनीच. आणि नॉर फ्लॅशचा स्वभाव असा की १ चा ० कधीही करा, पण ० चा परत १ करायचा तर ४ केबीचा आख्खा सेक्टर पुसावा लागतो. (आमच्याकडं फ्लॅग लावणं म्हणजे बिट ० करणं.) त्यामुळं एकेक सेक्टर रॅममध्ये उचलायचा, पुसायचा, दुरुस्त करून परत लिहायचा. जेवण दुपारी चारला.

दुसऱ्या दिवशी लिनक्सचा कोड उघडला, थोरामोठ्यांच्या घरी काय करतात बघायला. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये अगदी हाच प्रकार! तिथंही आयनोडचे (दर फाइलच्या नोंदीचे) फ्लॅग दोनदा लिहिलेत. एक्स्टेंट्स या फ्लॅगचा बिट १९, मास्क हेक्स ८००००. पण तिथं बिट आणि मास्कच्या जोड्या बिल्ड-बग-ऑन हा बिल्डच्या वेळचा पहारा लावून तपासल्यात. जोडी जुळली नाही की कर्नल (लिनक्सचा गाभा) बिल्डच होत नाही. वर शेराही आहे की बिटचे नंबर आणि हेक्सचे आकडे यांत गल्लत होणं फार सोपं. वाचून जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सी११ (सी भाषेची २०११ची आवृत्ती) पासून हे काम स्टॅटिक अ‍ॅसर्ट म्हणून भाषेतच आलंय. आम्ही दर फ्लॅगमागं एक ओळ घातली: १ हा आकडा बिटच्या नंबराइतका डावीकडं सरकवला की मास्क आलाच पाहिजे. नाही आला तर बिल्ड पडतो आणि आपण लिहिलेला मेसेज दाखवतो. मेसेज मी रोमन अक्षरांत मराठीतच लिहिला, 'बिट न् मास्क जुळंना'. गोकाकच्या सहकाऱ्यानं त्याला 'नोडी सर' (कन्नडमध्ये 'बघा सर') जोडलं. रिव्ह्यूत कुणी हरकत घेतली नाही.

लावण्याआधीची आणि नंतरची बिन फाइल (डब्यात जाणारा तयार प्रोग्रॅम) ताडून पाहिली, एका बाइटचाही फरक नाही. साधा अ‍ॅसर्ट प्रोग्रॅम चालताना तपासतो, म्हणून गिऱ्हाइकाच्या भट्टीशेजारी आपटतो, हा आपल्या टेबलावर.

मग हाव सुटली, स्ट्रक्टही (एकत्र बांधलेल्या फील्डचे गठ्ठे) धरले. हेडरात टाइमस्टॅम्प ४ बाइट, तापमान २, फ्लॅग १, सीआरसी (चूक पकडणारा आकडा) ४. बेरीज ११, पण साइझऑफ (स्ट्रक्ट किती बाइटचा ते सांगणारा) म्हणतो १२, कारण सीआरसीच्या आधी कंपायलर एक बाइट मोकळा सोडतो. प्रीप्रोसेसरच्या (कंपायलरच्या आधीच्या टप्प्याच्या) इफला साइझऑफ कळत नाही, याला कळतो. मात्र नुसत्या साइझवर विसंबू नका. टाइमस्टॅम्प आणि सीआरसीची अदलाबदल झाली तरी साइझ तोच १२. ऑफसेटऑफही (फील्ड कितव्या बाइटला सुरू होतं ते) तपासा. एक्सएफएसवाले (लिनक्समधली आणखी एक फाइल सिस्टीम) दोन्ही तपासतात, उगाच नाही.

आता एक तारा का कापला. अट मोडून बिल्ड पडल्यावर खरा आकडा किती, हे सी मध्ये जीसीसी सांगत नाही. १२ हवे होते, मिळाले किती? शोधा! मी तेवढ्यापुरता त्या साइझच्या अ‍ॅरेचा पॉइंटर करून त्यात मुद्दाम १ घालतो. कंपायलर चिडून टाइपचं नाव छापतो, त्यात आकडा सापडतो. जुगाडच तो. शिवाय अटीत कॉन्स्ट इंट (न बदलणारं व्हेरिएबल) दिलेला सी ला चालत नाही, एनम किंवा डिफाइनच लागतो. सी२३ मध्ये त्यासाठी कॉन्स्टएक्सपीआर आलंय, पण आमचा टूलचेन (कंपायलर वगैरे) तिथवर पोचायला वेळ आहे.

आणि पीसीवरची आमची पायथन स्क्रिप्ट या पहाऱ्याच्या बाहेर. तिच्यात तेच मास्क तिसऱ्यांदा हातानं लिहिलेत. तो दोष टूलचा नव्हे, आमच्या आळसाचा.

परवा खानापूरच्या नव्या पोरानं एनमच्या मधोमध एक फ्लॅग घातला. थेट मधोमध, माझ्यासारखाच. दोन मिनिटांत त्याच्या स्क्रीनवर लाल ओळींची रांग, प्रत्येकीच्या शेवटी 'नोडी सर'. "सर, हे कुणी लिहिलंय?" एवढंच विचारलं त्यानं, आणि फ्लॅग उचलून एनमच्या तळाला नेऊन ठेवला.