वाळूत थार: गिअरवाली की ऑटोमॅटिक?

२०२० साली आलेली महिंद्राची थार नाशिकच्याच सातपूरच्या कारखान्यात बनते, त्यामुळे नाशिकला तिचं अप्रूप कमी आणि घरचा अभिमान जास्त. घाटात, इगतपुरीच्या चिखलात ती चालते हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. प्रश्न असतो तो हिवाळ्यात जैसलमेरला जाणाऱ्यांचा. सम किंवा खुरीच्या टेकड्यांवर चढवायची तर क्लचवाली घ्यावी की ऑटोमॅटिक? फक्त वाळूचा विचार केला तर उत्तर आहे डिझेल, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. मागच्या चाकांवर चालणारी १.५ लिटर डिझेलची थार स्वस्त असते, पण तिला फोर बाय फोर नाही आणि लो गिअरही नाही. ती या हिशेबात धरूच नका.

कागदावर दोन्ही सारख्याच. २.२ लिटर डिझेल, १३० पीएस, ३०० न्यूटन-मीटर, दोन्हींना सहा गिअर. पेट्रोलमध्ये थोडा फरक आहे: १५० पीएस दोन्हींत, पण टॉर्क क्लचवालीत ३०० आणि ऑटोमॅटिकमध्ये ३२०. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा, तोच, लो रेंजचं (वेग कमी, जोर जास्त) प्रमाण २.४८, आणि त्याची दांडी दोन्हींत हातानेच ओढायची. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. म्हणजे निवड ताकदीवर ठरत नाही. ती ठरते गिअर बदलताना जाणाऱ्या अर्ध्या सेकंदावर.

डांबरावर क्लच दाबला तरी गाडी आपल्या वेगाने पुढे सरकत राहते. वाळूत चाक सतत समोरची वाळू ढकलत असतं, त्यामुळे क्लच दाबताक्षणी कुणीतरी मागून धरल्यासारखी गाडी मंदावते. चढावर दुसऱ्यातून तिसरा टाकला, तर तिसरा बसेपर्यंत वेग इतका पडतो की इंजिन १६०० आरपीएमच्या खाली येतं. या डिझेलचा पूर्ण टॉर्क १६०० ते २८०० मध्ये आहे. त्याखाली ती नुसती घरघरते. मग घाईने परत दुसरा, परत क्लच, आणि गाडी उभी. तिथून उठायचं म्हणजे हाफ क्लच. जळक्या लायनरचा वास आला की समजायचं, क्लचची प्लेट तापून गुळगुळीत व्हायला लागली. असं चार-पाच वेळा झालं तर परतीच्या रस्त्यावर सापुताऱ्याचा घाटही जड जातो.

हात बसलेला ड्रायव्हर हे टाळतो. टेकडीच्या पायथ्याशीच गिअर ठरवायचा, लो फोरमध्ये (लो रेंजवर फोर बाय फोर) दुसरा किंवा तिसरा, आणि माथा येईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. लो फोरचा पहिला वाळूत कधीच नको, चाक जागेवर फिरून खड्डा खणतं. हे जमलं तर क्लचवाली कुठेही कमी पडत नाही. पण जमायला दोन-तीन दिवस लागतात, आणि बहुतेकांची सहलच तेवढी असते.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलातून जोर पोचवणारी चकती. उभ्या गाडीतून निघताना तो जोर वाढवून देतो आणि झटका बसू देत नाही. वाळूवरचा थर झटक्यानेच फुटतो, म्हणून हा गुण इथे फार मोलाचा. गिअर बदलतानाही चाकाकडचा जोर तुटत नाही. मात्र डी मध्ये टाकून निवांत बसू नका. चढावर बॉक्स स्वतःच्या मनाने वरचा गिअर टाकतो, मग पडलेला वेग पाहून खाली येतो, आणि या उलाघालीत गती जाते. लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये घ्या, दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून आपोआप आवरणारी यंत्रणा, तीही बंद करा, नाहीतर चाक जरा घसरलं की ती इंजिनचा जोर कापते आणि नेमकी चढावर गाडी मरते.

ऑटोमॅटिकचं दुखणं म्हणजे उष्णता. कमी वेगात, जास्त रेस देऊन, कन्व्हर्टर सतत घसरत राहिला की गिअरबॉक्सचं तेल भराभर तापतं. एरवी ते ८० ते ९५ अंशांवर असतं, १२०च्या पुढे खराब व्हायला लागतं. इंजिनचा काटा मात्र तोवर मध्यावरच दिसतो, त्यात फसू नका. ओबीडीला (गाडीची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचा छोटा रीडर घ्या आणि मोबाइलवर तेलाचं तापमान बघत राहा. ११०च्या वर गेलं की वाऱ्याकडे तोंड करून थांबा, लिव्हर पार्कमध्ये, इंजिन चालूच. इंजिन बंद केलं तर पंप थांबतो आणि गरम तेल कूलरकडे जातच नाही. दुपारी वाळू कोरडी आणि भुसभुशीत असते, सकाळी दवाने दबलेली, त्यामुळे मोठ्या टेकड्या सकाळीच उरकाव्यात.

गिअरबॉक्सवरून वाद घालणारे टायरची हवा विसरतात, ही खरी गंमत. ३० पीएसआयवर ऑटोमॅटिकही रुतते आणि १६वर क्लचवालीही तरंगत जाते. वाळूला लागण्याआधी चारही टायर १८वर आणा, जड वाटलं तर १५. १२ फक्त रुतल्यावर बाहेर पडण्यापुरतं, कारण त्या हवेत जोरात वळवलं तर टायर रिममधून निघतो. परत डांबर लागलं की आधी हवा, मग वेग. कॉम्प्रेसर बॅटरीला क्लिपने जोडणारा घ्या. सिगारेट लायटरवाल्याने चार मोठे टायर भरेपर्यंत फ्यूज तरी जातो नाहीतर संध्याकाळ होते. फावडं आणि टोचनचा पट्टा तर लागतोच.

चढ अर्ध्यावर सुटला तर? वळवायची अजिबात नाही, आडवी झाली की उलटते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून आर, मग ब्रेक हळू सोडत सरळ मागे. मध्ये न्यूट्रलला रेंगाळायचं नाही. क्लचवालीचं इंजिन बंद पडलेलं असतं, म्हणून एक पाय ब्रेकवर, दुसरा क्लचवर, रिव्हर्स टाकून सेल्फ मारायचा आणि क्लच पूर्ण सोडून इंजिनच्या दमावर उतरायचं. उतारावर क्लचवालीची पकड आजही जास्त विश्वासाची आहे.

पिकअपच हवा असेल तर टोयोटा हायलक्सचं पाहा. दोन्हींत तेच २.८ लिटर डिझेल, तेच २०४ पीएस, पण क्लचवालीत ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. वाळूसाठी निवड कंपनीनेच करून ठेवली आहे म्हणा. व्हीलबेस मात्र ३०८५ मिलिमीटर, थारचा २४५०. टोकदार माथ्यावर लांब गाडी पोटावर टेकते आणि चारही चाकं हलकी पडतात, तिथे कुठलाच गिअरबॉक्स कामाचा नाही. मागचा हौदा रिकामा असेल तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर गाडी उड्या मारते. पाण्याचे कॅन, सामान तळाशी बांधून दीडशे किलोपर्यंत वजन टाकलं की शांत बसते.

वर्षातले साडेतीनशे दिवस गाडी नाशिकच्या द्वारका चौक आणि मुंबई नाक्याच्या गर्दीतच राहणार असेल, तर डाव्या पायासाठी म्हणूनसुद्धा ऑटोमॅटिक घ्या. क्लचवाली घ्यावी ती शेताच्या बांधावर, जड ट्रॉली ओढायला, किंवा गावच्या मिस्त्रीकडेच काम करून घेणाऱ्यांनी. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग कुठेही बदलून मिळतं. ऑटोमॅटिक बॉक्स उघडणारा हात दर गल्लीत नसतो.

वाळूत फिरलेली जुनी गाडी घेत असाल तर क्लचवाली त्र्यंबक रोडला नेऊन पाचव्या गिअरमध्ये ५०च्या वेगाला पूर्ण रेस द्या. आरपीएम उसळला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट गेलेली आहे, किंमत तेवढी पाडा. ऑटोमॅटिकचं तेल थोडं काढायला लावून पांढऱ्या कागदावर टाका. लालसर असेल तर ठीक. तपकिरी झालेलं आणि जळका वास येणारं असेल, तर व्यवहार तिथेच सोडा.