'सगळे चॅनल' दाखवणाऱ्या बॉक्ससोबत आठ महिने

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरी हा बॉक्स दिवाळीत आला आणि जूनमध्ये मी तो माळ्यावर टाकला. बॉक्सचे साडेतीन हजार आणि 'सर्व्हर'चे वर्षाचे बाराशे रोख घेऊन दुकानदाराने गच्चीवर डिश बसवली; पावती मागितली तेव्हा तो नुसता हसला.

चित्र उत्तम होते, हे मान्य करावे लागेल. त्रास सुरू झाला तो क्रिकेटच्या मोसमात. गोलंदाज धावत यायचा, चित्र थिजायचे, आणि ते हलेपर्यंत शेजारच्या वाड्यातला जल्लोष ऐकून विकेट गेल्याचे आम्हाला कळायचे. मुलाने कारण शोधले. सशुल्क वाहिनीचा सिग्नल कूटबद्ध असतो आणि तो उलगडणारी किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. कोणीतरी पैसे भरून घेतलेल्या अधिकृत सेट-टॉप बॉक्समधल्या एका कार्डातून ती किल्ली काढून इंटरनेटवरून असंख्य बॉक्सना वाटली जाते, आणि ती वेळेत पोहोचली नाही की चित्र थांबते. "सिग्नल तुमच्या गच्चीवर पडतोयच की, घेतला तर कुणाचं काय जातंय?" असे दुकानदार म्हणाला होता. सिग्नल पडतो हे खरे, पण किल्ली दुसऱ्याच्या कार्डातून उचललेली होती.

ओळखीच्या वकिलांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून दाखवला. त्यातील कलम ३७ प्रसारण संस्थेला प्रक्षेपणावर २५ वर्षांचा हक्क देते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. विकणारा यात सरळ अडकतो, घरी बसून नुसते पाहणाऱ्यावर गुन्हा सिद्ध करणे अवघड, असे त्यांचे मत पडले. तेवढ्याने मला हायसे वाटले, याची आता लाज वाटते.

केबल महाग पडते, ही माझी मूळ तक्रार खोटी नव्हती. दूरसंचार नियामक 'ट्राय'ची नवी दरपद्धत २०१९ मध्ये लागू झाली, तेव्हा एकही सशुल्क वाहिनी न घेता दरमहा १३० रुपये व १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे द्यावे लागू लागले. मात्र त्याच पद्धतीत वाहिन्या सुट्या निवडता येतात, आणि मी कागद घेऊन तसा कधी बसलोच नव्हतो.

मे महिन्यात पडदा काळा झाला. "सर्व्हर बदललाय, नवीन रिचार्ज मारा," एवढेच उत्तर मिळाले. उरलेल्या महिन्यांचे पैसे बुडाले, आणि पावतीच नसताना ग्राहक आयोगाकडे कोणत्या तोंडाने जायचे?

शेवटी केबलवाल्याला बोलावले. २०१९ च्या महापुरानंतर चिखल तुडवत आमच्या बोळात नवी तार ओढणारा हाच माणूस. खिडकीच्या गजाला मी गुंडाळून ठेवलेली तार त्याने सोडवली, हिरवट पडलेले टोक कापून नवा पिन बसवला आणि विचारले, "काका, मधी गावाला गेलावता काय?"

मी हो म्हणालो.