बम्बलबी की पीकॉक? पहिली गोबी निवडताना

लहान टाकीसाठी गोबी, म्हणजे तळाशी वावरणारा छोटा मासा, हवा म्हटलं की हौशी माणसापुढे बहुतेक वेळा बम्बलबी आणि पीकॉक हीच दोन नावं येतात. घरात पिल्लं काढायची असतील तर माझा कौल पीकॉकला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या बम्बलबीवर जीव जडला असेल, तर तिच्या खाण्याची तजवीज आधी करा आणि मासे मग आणा.

आधी ओळख. मासा काचेला चिकटून बसला की त्याच्या पोटाखाली बघा. बम्बलबीचे पोटाकडचे दोन पर जुळून एक वाटी झालेली दिसते, तिच्याच जोरावर ती काच धरते. पीकॉकचे हे पर सुटे असतात, कारण शास्त्राच्या हिशेबाने ती गोबी नसून गजन (गोबीच्या नात्यातला वेगळा गट), पापुआ न्यू गिनीची. निळसर अंगावर तांबडे पट्टे आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका, त्यामुळे ती चुकत नाही. बम्बलबीचं तसं नाही. ब्रॅकिगोबियस वंशाच्या बऱ्याच जाती एकसारख्या दिसतात आणि दुकानातल्या पाटीवरचं नाव अनेकदा चुकीचं असतं.

जात पक्की नसल्याने पाण्याचाही घोळ होतो. बाजारात येणाऱ्या बहुतेक बम्बलबींना जड (क्षारयुक्त) पाणी मानवतं. लिटरमागे २-३ ग्रॅम मरीन सॉल्ट (समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठ) घातलं तर त्या आणखी खुलतात. बोअरचं पाणी असणाऱ्यांना हे सोयीचं आहे. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ, ते पीकॉकला छान. मात्र पीकॉकला २२ ते २६ अंश बरे वाटतात, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात पाण्यावर पंखा लावावाच लागेल. ती उडी मारते, म्हणून टाकीवर जाळी हवी. जाळीतून वाराही लागतो.

खाण्यात फरक मोठा. पीकॉक फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) आवडीने खाते, हळूहळू बारीक दाण्यालाही सरावते. बम्बलबी दाण्याकडे सहसा ढुंकून बघत नाही. आर्टेमिया आणि डॅफ्निया (कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव), ब्लडवर्म असं जिवंत किंवा फ्रोझन खाणं तिला रोज लागतं. चपळ माशांबरोबर ठेवली तर ती उपाशी राहते, वर त्यांचे पर कुरतडते. तिला ४५ सेंटिमीटरची स्वतंत्र टाकी द्या आणि सहा-आठ जणींचा घोळका ठेवा, म्हणजे दादागिरी एकाच माशावर येत नाही.

पैदाशीत पीकॉक खरी उजवी. नराचं कपाळ फुगीर, मादीचं पोट पिवळं, त्यामुळे जोडी निवडणं सोपं. माशाच्या अंगापेक्षा जेमतेम रुंद असा पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकीत ठेवा. अंडी आतून छताला लोंबतात. नर त्यांच्याखाली बसून परांनी सतत वारा घालतो. साधारण आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि लवकरच ताजी उबवलेली आर्टेमिया खाऊ लागतात. बम्बलबीचा नरही शिंपल्यात किंवा पाइपात अंडी राखतो, पण पिल्लं इतकी बारीक की सुरुवातीला इन्फ्युसोरिया किंवा रोटिफर असे पाण्यातले सूक्ष्म जीव हाताशी हवेत.

चमकदार स्टिफोडॉन जातीच्या गोबी पाहून मोह होईल. त्यांची पिल्लं निसर्गात वाहत समुद्रात जातात, नंतर नदीत परततात. घरात ती वाढवणं जवळपास अशक्यच.

कोणतीही घ्या, दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. पोट खपाटीला गेलेला मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.