नऊ महिने, ३१ सलाईन आणि एक लाल इंजेक्शन

निकाल आधीच सांगते. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर ठणका आणि थकवा राहणारं जुनाट दुखणं, त्यासाठी नऊ महिने पूरक उपचारांच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतली, एकूण ३१ बाटल्या. पायाच्या मुंग्या गेल्या. थकवा थोडा उतरला. अंगाचा ठणका जिथे होता तिथेच आहे. आणि ज्या गोष्टीने मुंग्या गेल्या ती एका मिनिटात दंडात टोचून देता आली असती, त्यासाठी एकही बाटली लागत नव्हती.

दुखणं सहा वर्षांचं. सकाळी उठताना रात्रभर कुणी बडवल्यासारखं अंग, दुपारपर्यंत डोक्यात धुकं, आणि सगळे रिपोर्ट म्हणे नॉर्मल. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे इतक्यांदा ऐकलं होतं, की ‘तुमच्या पेशी उपाशी आहेत’ असं सांगणारा माणूस भेटल्यावर मला रडूच आलं. त्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी पाऊण तास दिला. मी तिथे का टिकले, त्याचं निम्मं उत्तर त्या पाऊण तासात आहे.

मला लागायचं ते ‘मायर्स कॉकटेल’. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बी गटातली जीवनसत्त्वं आणि व्हिटॅमिन सी, असं मिश्रण. बाल्टिमोरचे जॉन मायर्स नावाचे डॉक्टर रुग्णांना असं काही शिरेतून देत. १९८४ साली ते गेले आणि त्यांचे काही रुग्ण ॲलन गॅबी नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे आले. मायर्स नेमकं किती काय घालत याची नीट नोंद नव्हती, म्हणून गॅबींनी स्वतःचं प्रमाण बसवलं आणि २००२ मध्ये त्यावर लेख लिहिला. म्हणजे आज मायर्सच्या नावाने मिळतं ते मायर्सचं असेलच असं नाही. आमच्या दवाखान्यात त्यात ग्लुटाथिओन नावाचं अँटिऑक्सिडंटही पडायचं, शेवटी, वेगळ्या सिरिंजने.

प्रत्यक्षात कसं वाटतं ते सांगते, कारण जाहिरातीत ते नसतं. मॅग्नेशियम आत गेलं की घशापासून खाली गरम पाण्याची लाट उतरते, कान तापतात. बी कॉम्प्लेक्सची ती ओळखीची उग्र चव जीभेवर येते, तोंडात काहीही न घालता. घरी गेल्यावर लघवी पिवळीधमक. ती बी२ची करामत, शरीराला नको असलेलं बाहेर पडतंय एवढाच तिचा अर्थ. मी मात्र पहिले दोन महिने ‘विष निघतंय’ म्हणून खूश होते!

शिरांचं म्हणाल तर त्या रुसल्या. सुरुवातीला २२ नंबरची निळी सुई पहिल्या टोचण्यात बसायची. विसाव्या बाटलीच्या सुमाराला सिस्टर हात चोळून, टिचक्या मारून, गरम पाण्याची पिशवी ठेवून शीर शोधायच्या. दोनदा शीर फुटली आणि मनगट आठवडाभर काळंनिळं होतं. डाव्या हाताची एक शीर दोरीसारखी कडक झाली ती अजून बोटाला लागते. मग तिथूनच ‘कायमची नळी टाकून घ्या, टोचाटोची वाचेल’ असा सल्ला मिळाला. नाही म्हटलं ते बरं केलं. तशी नळी थेट मोठ्या शिरेत जाते, त्यातून जंतुसंसर्ग झाला तर तो सरळ रक्तात, आणि माझं दुखणं काही जिवावरचं नव्हतं.

एक प्रसंग मात्र माझ्यावर बेतला. एरवी ४५ मिनिटं चालणारी बाटली, त्या दिवशी गर्दी होती म्हणून २० मिनिटांत सोडली. डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार, बीपी ८४/५०. मॅग्नेशियम घाईने गेलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी कोसळतं. पाय उशीवर घेऊन अर्धा तास पडून होते. ‘कधीकधी होतं असं’ एवढ्यावर विषय संपला, आणि बिलात काही कमी झालं नाही.

दुसरा प्रसंग शेजारच्या खुर्चीतल्या काकांचा. त्यांना २५ ग्रॅम व्हिटॅमिन सी चालू होतं आणि मधुमेहही होता. बाटली संपल्यावर त्यांनी सवयीने बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर ४०० च्या पुढे. काकांनी लगेच इन्सुलिनचं पेन काढलं. सुदैवाने सिस्टरला माहीत होतं, तिने हातच धरला. घरगुती यंत्राची पट्टी इलेक्ट्रॉन मोजते, आणि व्हिटॅमिन सी इलेक्ट्रॉन सोडण्यात पटाईत, त्यामुळे बऱ्याच यंत्रांना ते साखरच वाटतं. हा खोटा आकडा काही तास टिकू शकतो. लॅबमध्ये रक्त पाठवलं तर साखर १५२. काकांनी ते इन्सुलिन घेतलं असतं तर काय झालं असतं, ते मधुमेहाच्या घरात राहणाऱ्यांना सांगायला नको.

त्यानंतर मी विचारायला लागले. मोठ्या डोसच्या व्हिटॅमिन सीआधी जी६पीडी नावाची तपासणी हवी, कारण हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. मूत्रपिंड तपासायला हवं, कारण सीचं शरीरात ऑक्सलेट होतं आणि ते तिथे साचतं. माझी यातली एकही तपासणी झालेली नव्हती. ‘तुमचा डोस लहान आहे’ हे उत्तर खोटं नव्हतं. पण मोठ्या डोसचा प्रस्ताव माझ्यापुढे दोनदा आला होता, तेव्हाही तपासणीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

‘तोंडाने घेतलेलं अंगी लागत नाही’ हे तिथलं पालुपद. अर्धं खरं आहे. रोज सुमारे २०० मिलिग्रॅम सी पोटातून घेतलं की रक्त जवळपास भरतं, त्यापुढे गोळ्या खाऊन पातळी फारशी वाढत नाही. शिरेतून दिलं की ती कित्येक पट चढते, हेही खरं. फक्त मूत्रपिंडं जागी असतात, आणि काही तासांत जादाचा माल बाहेर टाकतात.

पाचव्या महिन्यात माझ्या लघवीत ‘जड धातू’ निघाले. आधी ते धातू ओढून काढणारं औषध द्यायचं, मग लघवी तपासायची, आणि आलेला आकडा औषध न घेतलेल्या लोकांच्या आकड्यांशी ताडायचा. असं केलं तर कुणाच्याही लघवीत शिसं ‘जास्त’च येणार. विषशास्त्राच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेने ही पद्धत केव्हाच नाकारली आहे. उपाय म्हणून ईडीटीएची, म्हणजे धातूंना धरून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या रसायनाची, सलाईन सुचवली होती. त्याच्या बाजूने २०१३चा एक मोठा अभ्यास दाखवतात: हार्ट अटॅक येऊन गेलेले १७०८ रुग्ण, थोडा फायदा. मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त दिसला म्हणून तसेच रुग्ण घेऊन पुन्हा अभ्यास केला, त्याचा निकाल २०२४ मध्ये आला, फायदा नाही. आणि तेही हृदयरोगाचं, माझ्या दुखण्याशी संबंध काय? हे मी घेतलं नाही.

आता मुंग्यांकडे येते. मी रोज झोपताना वहीत तीन आकडे लिहायचे: ठणका, थकवा, मुंग्या, शून्य ते दहा. मुंग्या पहिल्या तीन महिन्यांत सहावरून एकवर आल्या. थकवा आठवरून सहावर. ठणका सातच्या आसपास घुटमळत राहिला. सलाईनच्या दिवशी तो पाच व्हायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा सात. सगळं श्रेय मी बाटलीला देऊन मोकळी.

मग प्रवासामुळे सहा आठवडे खंड पडला, आणि परत आल्यावर मी जुनी फाईल घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पानं उलटता उलटता एका रिपोर्टवर बोट ठेवलं. सलाईन सुरू होण्याच्या दोन महिने आधीचा, बी१२: १४८, म्हणजे कमी. ‘हे कुणी पाहिलं नाही?’ पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ॲसिडिटीची गोळी मी सात वर्षं रोज घेत होते. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी१२ सुटं होत नाही, आणि ते कमी पडलं की नसा कुरकुरतात. त्या दहा जिन्नसांच्या बाटलीत बी१२ होतंच. दहा गोष्टी एकदम दिल्या की कोणती लागू पडली हे कळत नाही, आणि दवाखान्याला ते कळून घ्यायची गरजही नव्हती.

डॉक्टरांनी छोट्या तपकिरी ॲम्प्यूलमधलं लालबुंद औषध दिलं, दंडात, आधी एक दिवसाआड आणि आता महिन्यातून एक. पुढे मोठ्या डोसची गोळीही चालेल म्हणाले. शोषणाचा नेहमीचा मार्ग बंद असला तरी गोळीतलं साधारण एक टक्का बी१२ तसंच झिरपतं, आणि डोस मोठा असेल तर तेवढंही पुरतं. मुंग्या अजून एकवरच आहेत. थकवा सहाच.

मग सलाईनच्या दिवशी ठणका पाच का व्हायचा? फायब्रोमायल्जियावर याच कॉकटेलचा एक छोटा अभ्यास २००९ मध्ये आला होता. ३४ जण, आठवड्यातून एक अशा आठ बाटल्या. काहींना खरं मिश्रण, काहींना नुसतं रिंगर लॅक्टेट, म्हणजे जीवनसत्त्वं नसलेलं साधं क्षारांचं सलाईन. बरं दोन्ही गटांना वाटलं, फरक म्हणावा असा निघाला नाही. हे वाचून मला फसवल्यासारखं वाटलं नाही. तिथे मी पाऊण तास आडवी असायचे, फोन पर्समध्ये, कुणीतरी अंगावर चादर घालायचं आणि ‘आज कसं आहे?’ विचारून उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचं. आता शुक्रवारी दुपारी दार लावून घरीच तेवढा वेळ पडते. वहीत त्या दिवशी कधी पाच येतो, कधी साडेपाच.

पॅकेजमधल्या पाच बाटल्या उरल्या आहेत. पैसे परत मिळत नाहीत म्हणे. ‘घरातल्या कुणाच्या नावावर करून देऊ का?’ असा निरोप परवा आला आहे, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.