मशीनपाशी उभं राहून शिकवतात, म्हणून चार स्टार

आमचं सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, टर्निंगचे म्हणजे लेथवरचे जॉब करतो. आत्तापर्यंत ट्रेनिंग म्हणलं की विश्रामबागला कुठलातरी एसी हॉल, पीपीटी, थोडं मोटिव्हेशन, मध्ये चहा-वडा, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. ऑडिटला दाखवायला कागद होतो, पण दुसऱ्या दिवशी रिजेक्शनचा ट्रे परत तेवढाच भरलेला. त्यामुळं या ट्रेनिंगवाल्यांनाही बोलवायला मी काही फार उत्सुक नव्हतो, मालकांनीच ठरवलं.

पण यांनी हॉल नकोच म्हणून सांगितलं. आले ते थेट शॉप फ्लोअरवर. त्यांच्या सरांनी एक पिन उचलली, मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला आणि म्हणाले प्रत्येकानं मोजा, चिठ्ठीवर लिहा, शेजाऱ्याला दाखवायचं नाही. पीस एकच आणि रीडिंग ज्याचं त्याचं वेगळं! मग एकेकाचा हात बघत बसले. एकजण रॅचेट (दाब सारखा ठेवणारी मागची खुंटी) सोडून थिंबलच (फिरवायची नळी) आवळतोय, दुसऱ्यानं झिरो बघितलाच नाही, आणि आमचे सगळ्यात जुने मामा मशीनवरून निघालेला गरम पीस तसाच मोजायचे. मापाचं स्टँडर्ड तापमान २० डिग्री असतं, ५० एमएमचा स्टीलचा पीस त्यापेक्षा २० डिग्री गरम असला तर अकरा-बारा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) फुगतो, म्हणजे मोजताना ओके आणि गार झाला की अंडरसाइज. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाईट असला की पीस गेलाच. आम्ही एवढे दिवस इन्सर्टला (टूलच्या कापणाऱ्या टोकाला) आणि मटेरियलला शिव्या घालत होतो.

मामांना चारचौघात काही बोलले नाहीत हे मला लय आवडलं. उलट म्हणाले, मामा, दुसऱ्या पाळीच्या पोरांना आता तुम्हीच शिकवायचं. आधी करून दाखवायचं, असं का करायचं ते सांगायचं, मग पोरानं स्वतः करताना तोंडानं बोलत करायचं आणि नंतर अधूनमधून जाऊन बघायचं. पद्धत दुसऱ्या महायुद्धातली आहे म्हणे, अमेरिकेत कारखान्यात नवखी माणसं पटापट तयार करायला काढलेली. जुनी आहे पण चालते.

काही आठवड्यांनी परत आले ते न सांगता, आणि नुसतं बघत उभे राहिले. ट्रेनिंगच्या शेवटी भरून घेतात त्या फॉर्मवर सगळेच 'उत्तम'वर टिक करतात, त्यावरून काय कळणार? किर्कपॅट्रिक नावाच्या माणसानं १९५९ मध्येच मांडून ठेवलंय की आवडलं का, शिकला का, कामात बदल झाला का आणि धंद्याला फायदा झाला का हे चार वेगळे प्रश्न आहेत. बाकीचे ट्रेनिंगवाले पहिल्यावरच बिल लावून मोकळे होतात.

आता एक स्टार का कापला. पुस्तिका सगळी इंग्रजीत, एकानंही उघडली नाही, टूल रूममध्ये पडून आहे. आमच्याकडं यूपी-ओडिशाची पोरं आहेत, त्यांना हिंदीत सांगायला पाहिजे होतं, ते शेवटी मलाच करावं लागलं. आणि नाईटवाल्यांना ड्युटी सुटल्यावर सकाळी बसवलं, निम्मे पेंगत होते, त्यांच्या पाळीलाच या म्हणलं तर जादा चार्ज सांगितला. रेट तसाही कमी नाही.

बोलवणार असाल तर नाईट शिफ्टचं आणि दुसऱ्या व्हिजिटचं आधीच कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि मार्च एंडची तारीख घेऊ नका, डिस्पॅचच्या गडबडीत एकही माणूस मशीन सोडत नाही.